पुनाचा डावा खांदा

अडावदच्या बाजूला पुनासारखा केळीचा घड वाहणारा दुसरा कुणी असेल तर त्याचं नाव सांगावं. सांगताच येणार नाही. खांद्यावर सुक्या पानांची घडी, तिच्यावर पंचवीस किलोचा घड, आणि ओल्या सरीतून चाल अशी की एका केळाला डाग लागायचा नाही. वीस वर्षं त्याने हेच केलं. मोठा भाऊ तोताराम चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगायचा, "मन्हा भाऊ दोन घड एका दमात नेतो!" आणि ते खोटं नव्हतं.

यंदा माघात ठिबकच्या नळीत पाय अडकून पुना पडला. घड वाचवला, उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. कायमचं.

पुनाने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. सकाळी कटाईची टोळी दारावरून जायची तेव्हा तो गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचा. दोंडाईच्याच्या मेहुण्याने निरोप धाडला, कापसाच्या जिनिंगवर गेटला वॉचमन पाहिजे. बायको शेवंताबाईने जेवताना हळूच विचारलं, "जायचं का?"

त्याने ताट सरकवलं. "बाग सोडून गेटवर बसू? त्यापेक्षा त्या दिवशी मेलो असतो तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईने त्याला हाताला धरून चोपड्याला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मनाच्या आजाराच्या खोलीत भूमिका मॅडम बसायच्या. बोदवडची पोरगी, पुनापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

"काय त्रास आहे, पुनाभाऊ?"

"बठ्ठं गये. आते काय शे?"

मॅडमनी आधी मरणाच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारलं. पुनाही खरं बोलला: करणार काही नाही, पण सुचतं. असं सुचलं की शेवंताबाईला लगेच सांगायचं, असं ठरलं. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "सगळंच गेलं, यावर मला काही करता येत नाही. त्यातलं एकच सांगा. नेमकं."

पुनाने पेन धरला. चौथीपर्यंतचं अक्षर. शेवटी लिहिलं, 'घड न उचलता टोळीत कसं राहायचं?'

"आता उपाय. सुचतील ते सगळे. चांगला की वाईट ते नंतर बघू."

पुनाने लिहिलं: डावा खांदा. चहाची गाडी. दोंडाईचा. मग पेन थांबला.

शेवंताबाई वैतागली. "नाहीतर नुसते बागेत फिरा आणि बोटं दाखवा, हा काप, तो काप! घरी तेच तर करता!"

"हेही लिहा," मॅडम म्हणाल्या.

"अहो, ती टोमणा मारते!"

"असू दे. लिहा."

प्रत्येक उपायाचं बरंवाईट काढून झालं. मॅडमनी डाव्या खांद्यापुढे बोट ठेवलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नको." पुनाने मान हलवली. पण डोक्यात तोतारामचे दोन घड घुमत होते. भावाने गावभर सांगितलेलं खोटं पडायला नको! तिसऱ्या दिवशी बागेत कुणाला न विचारता त्याने डाव्या खांद्यावर घड घेतला. दहा पावलं गेला आणि घडासकट चिखलात बसला. या वेळी घडही गेला.

पुढच्या भेटीला, मंगळवारी, तो मॅडमपुढे मान खाली घालून बसला. "मी कामातून गेलो."

"तुम्ही नाही, उपाय गेला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदावरच्या डाव्या खांद्यावर रेघ मारली. "पुढचा कोणता?"

एवढंच. ना रागावणं, ना कीव करणं. पुनाने कागद आपल्याकडे ओढला. चहाच्या गाडीवरून, दोंडाईच्यावरून बोट फिरलं आणि बायकोच्या टोमण्यावर थांबलं. कारण घड पाहून तो ओळखायचा, कोणता आज कापायचा आणि कोणता अजून झाडावर ठेवायचा. हे काम टोळीत कुणाचंच नव्हतं, म्हणून कोवळे घड दिल्लीच्या ट्रकमध्ये जायचे आणि शिव्या मुकादम अभिमनला बसायच्या. पुनाने खाली लिहिलं, 'गुरुवारी सकाळी अभिमनला विचारायचं.' मॅडमनी दिवस आणि वेळ लिहायलाच लावली होती.

मुकादम अभिमन हसला. "म्हणजे तू साहेब आणि आम्ही गडी का भो?"

"एक दिवस बघ. नाही जमलं तर परत विचारणार नाही."

पुना टोळीच्या पुढे निघाला. तयार घडाच्या दांड्याला सुक्या पानाची पट्टी बांधायची, कोवळा तसाच सोडायचा. मागून टोळी पट्टी बघून कापत होती. अभिमन एका दणदणीत घडापाशी अडला. "हा का सोडला?"

"हात फिरव. केळाला कडा लागतात, अजून भरलं नाही. अजून आठ दिवस."

अभिमनने हात फिरवला. परत फिरवला. कोयता खाली घेतला. "उद्या साडेपाचला ये. पट्ट्या घरून फाडून आण, इथे वेळ जातो."

संध्याकाळी टपरीवर तोताराम उभा राहूनच बोलत होता. "मन्हा भाऊ नुसता हात लावून घड ओळखतो! बठ्ठी टोळी त्याच्या मागे चालते!"

पुना बाकावर बसून उद्याच्या पट्ट्या फाडत होता. "भाऊ, डावा खांदा पण सांग."

तोतारामने चहाचा घोट घेतला. मग पुन्हा तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "आणि त्याच्याआधी चिखलात असा बसला, असा बसला..."