बहिणीचा पेला

आई गेल्यापासून धाकट्या बहिणीचं माहेर म्हणजे माझं जुळे सोलापुरातलं घर. सातव्या महिन्यात ती वळसंगहून बाळंतपणाला आली, तेव्हा पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला. "आमच्याकडे पेल्यांचा दुष्काळ पडलाय का गं?" म्हणून मी तिला दोन महिने चिडवलं. ती नुसती हसायची.

दवाखान्यात मुलगी झाली. तासाभरात सिस्टर सुई घेऊन आल्या. "हिपॅटायटिस बी, काविळीची लस. चोवीस तासांच्या आत द्यायची, जितकी लवकर तितकी बरी."

मी शाळेत विज्ञान शिकवते. गप्प बसले असते तर नवल. बाळ गुलाबी होतं, पिवळं कुठं होतं? "झालीच कावीळ तर कोवळ्या उन्हात धरू. आल्या आल्या लेकराला टोचू नका," असं मी सगळ्या वॉर्डासमोर सुनावलं. ती कावीळ वेगळी, ही रक्तातून येणारी, लिव्हरमध्ये जन्मभर घर करून राहणारी, असं त्या सांगत होत्या. पण मी माझीच अक्कल पाजळत होते. बहिणीनं मान खाली घातली. सिस्टर तिच्याकडे एकदा बघून परत गेल्या. मला वाटलं, जिंकले.

थर्मासमधून चहा घेऊन आले, तर बाळाच्या दोन्ही मांड्यांवर बारक्या पट्ट्या. "कोणाला विचारून?" माझा आवाज चढला.

"मीच बोलावलं सिस्टरला," बहीण म्हणाली. "ताई, ती रक्तातली कावीळ मला हाय. हितं यायच्या आदी रिपोर्ट आला व्हता. माज्याकडनं पोरीला लागू नये म्हनून लगीच लशीसंगं अजून एक, अशा दोन सुया द्याव्या लागत्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुज्या सैपाकाच्या बाईला तीच हाय की. तिचा कप तू खिडकीत येगळा ठिवलाय, मागल्या खेपंलाच बगितलं व्हतं."

खरं होतं. मी त्याला स्वच्छता म्हणत होते.

"सिस्टर म्हनल्या, कपापेल्यानं ती पसरत न्हाय," ती म्हणाली. "पर तुला कोन सांगनार?"

तिला स्वतःच्या लेकीला वाचवावं लागलं, तेही माझी नजर चुकवून. मला तोंड वर करवेना. तिच्या उशाशी तो पेला होता. मी त्यातच दोघींचा चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला.

"आदी तू पी, ताई," ती म्हणाली. "माजं उष्टं नगं तुला."