हुंगलेला गुलाब

सोलापुरात बाग करणारा माणूस एक तर श्रीमंत असतो, नाही तर वेडा. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, म्हणजे यातला कुठला ते तुम्हीच ठरवा. प्यायला पाणी मिळायची मारामार, तरी अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी घालून मी मागच्या अंगणात जास्वंद, कण्हेर आणि मोगरा जगवला होता. आणि बसल्या बसल्या त्यांची चित्रं काढी.

त्यात एक गुलाब होता. सासूबाईंनी करमाळ्याहून लेकीबरोबर, म्हणजे माझ्या शांताबरोबर, फांदी पाठवली होती. तीन वर्षं त्याने नुसते काटे दिले. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि नेमकी तेव्हाच गुलाबाला एक कळी आली. एकच! शांताचा भाऊ दादा निरोप घेऊन आला, "आई म्हणते, फूल बघायचं होतं, पण आता कुठलं." शांता पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुम्ही चित्र काढून द्या की. दादा उद्या दुपारच्या गाडीने जाणार आहे." माझं चित्र कुणी मागण्याची ही पहिलीच वेळ.

अडचण होती माझी आई. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की ती परडी घेऊन अंगणात उतरे आणि उजाडेपर्यंत बाग बोडकी करी.

"आई, उद्या तेवढा गुलाब ठेव."

"देवाच्या आधी तुझ्या कागदाला व्हय? लई शिकलास."

संपलं. देवाशी कोण भांडणार?

मग मला युक्ती सुचली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. भोंग्याच्या आधी उठलो आणि उमललेल्या गुलाबाला नाक लावलं. एकच फूल हुंगलं तर आईला राग येईल (सगळी हुंगल्यावर येणार नाही, असं मला का वाटलं, देव जाणे), म्हणून जास्वंद, कण्हेर, मोगरा, सगळं हुंगत गेलो. मोगऱ्यातली मुंगी नाकात शिरली. मी इतका शिंकलो की शेजारचे अप्पा भिंतीवरून म्हणाले, "मास्तर, सुंठ घ्या की."

आई परडी घेऊन आली.

"मी फुलं हुंगली," मी नाक चोळत म्हणालो.

"सगळी?"

"सगळी."

ती रिकामी परडी घेऊन वळली. आत जाऊन बिनफुलांची बसून राहिली. पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. मी बाहेर रंग कालवत बसलो. खोड झालं, पानं झाली, काटे झाले. (फूल शेवटी, असं मी मुलांना शिकवी.) पण ऊन चढत गेलं आणि आतून भांड्याचाही आवाज येईना. मला माझीच लाज वाटली. ब्रश टाकला आणि देवळापुढच्या माळणीकडे फुलं आणायला पळालो.

परत आलो तर झाडावर गुलाब नाही, आणि दादाही नाही.

"दादा स्टेशनवर गेला," आई म्हणाली. "फूल ओल्या फडक्यात बांधून दिलंय. तू हुंगलंस, देवाला चालायचं न्हाई. तिला चालंल की. बाई मरणाच्या दारात हाय, हाताला तरी लागू दे."

एवढं सरळ मला सुचलं नव्हतं. आणलेली फुलं आईपुढे ठेवली.

फूल वाटेतच चिमलं होतं म्हणे. पण सासूबाईंनी ते उशाशी ठेवलं आणि दिवसभर हुंगलं. पंधरा दिवसांत त्या गेल्या. शांता करमाळ्याहून परतली ती फार दिवस हसली नाही.

पुढे एकदा माझं अर्धवट चित्र तिने भिंतीला लावलं. नुसतं खोड, पानं, काटे, आणि वर कोरा कागद. मला भरून आलं. म्हटलं, "दे इकडे, फूल घालून पुरं करतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचं एवढं एकच चित्र बरं आलंय."