हुबेहूब मिरी

सगळी गल्ली तिला घाणेवाली मावशी म्हणायची. नवरा जाताना मागे एक हातघाणा तेवढा ठेवून गेला, आणि तिनं त्यात दुनियेभरच्या बिया रगडून पाहिल्या. हात बसला तो पपईच्या बियांवर. रसवाले फेकून देतात त्या बिया ती बादलीनं आणायची, वरचा बुळबुळीतपणा राखेनं चोळून काढायची, सावलीत वाळवायची. तेल पिवळं, नाकाला झोंबणारं. टाचेच्या भेगा त्यानं भरायच्या, शिवणयंत्र लोण्यासारखं चालायचं.

घोळ एकच. वाळलेल्या बिया म्हणजे हुबेहूब मिरी. "मावशी मिऱ्यात भेसळ करते," गल्लीत कुजबुज. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. शेवटी प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या भाच्याला म्हणाली, "बाबा, तेल तपास आणि कागदावर लिहून दे. ह्यांची तोंडं तरी बंद होतील."

भाचा दर रविवारी येऊन खोदून खोदून विचारायचा, वहीत टिपायचा. राखेचं ऐकून मात्र हसला. "मावशे, आता यंत्रं आलीत!" मग एका रविवारी म्हणाला, "शंभरात सत्तर भाग ओलिक आम्ल! ऑलिव्हच्या तेलात असतं तेच. साबण, मलम, वंगण, काय वाट्टेल ते होईल."

"मग दे की कागद."

"शिक्का राहिलाय."

भेसळ तपासणारे साहेब आले तेव्हा भाचा तिथंच बसला होता. साहेबांनी पोत्यात हात घातला. "मिऱ्यात घालायला काय?"

"नाही हो, तेलाला. दाखव रे कागद."

भाच्यानं बॅग मांडीवर ओढली. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा कुठं कागद निघाला. शिक्का होता. साहेब वाचू लागले, "शोध लावणारा... हे नाव तुमचं ना? ह्या बाईंचा काय संबंध?"

"काही नाही. तेल माझं. हिच्या घरात पोती कशाला, मला काय माहीत?"

पोती गेली. दारात जमलेली गल्ली म्हणाली, "बघा, आम्ही सांगत होतो."

मावशी भाच्याला एवढंच म्हणाली, "तुझी आई वाटीभर पीठ न्यायची, ते पण सांगून."

दोन महिन्यांनी तो बाटली घेऊन उंबऱ्याशी उभा. "मावशे, माझं तेल आठवड्यात खवट होतंय. काय चुकतंय?"

ती बादलीपाशी बसली होती, कोपरापर्यंत राखेत.

"कागदात बघ," म्हणाली, आणि पुढची मूठ चोळायला घेतली.