लाखोरीची भाजी आणि माझं रक्त

परवा नागपूरला डॉक्टरांच्या केबिनमध्ये माझ्या सासूबाईंनी गुन्हा कबूल केला. मी हसावं की रडावं, तेच कळेना...

मागच्या पावसाळ्यात माझा डावा पाय सुजला. पवनीजवळच्या आमच्या आसगावात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर उभी राहिली, दुसरं काय! मग दम लागायला लागला, आणि नागपूरला कळलं की पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली आहे. थोडा उशीर झाला असता, तर ही पोस्ट लिहायला मी नसते.

आजाराचं नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. क्वचितच कुणाला होतो. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं आणि रक्त नको तिथे गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर... आणि पालेभाजी जपून, कारण ती गोळीचा जोर कमी करते.

मी तर पालेभाजी बंदच केली. तरी या हिवाळ्यात प्रत्येक तपासणीत रक्त घट्टच! डोस वाढवला, तरी तेच. पुन्हा गाठ झाली तर काय, या विचाराने माझी झोप उडाली होती.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" मी म्हटलं, वरण-भात. तेवढ्यात बाजूला बसलेल्या सासूबाई बोलल्या, "वरणात म्या लाखोरी टाकतो जी..."

धान निघाल्यावर आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोरीची डाळ पेरतात, तिचा हा कोवळा पाला. ही बाई तो अगदी बारीक चिरून घालत होती, आणि मी बावळट त्याला कोथिंबीर समजत होते!

"तुमी पोरीचं रक्त पातळ करून राहिले. मंग भरून कोन काढन?" सासूबाईंनी उलट डॉक्टरांनाच विचारलं; रक्त पातळ म्हणजे रक्त कमी, असा त्यांचा समज. डॉक्टरांनी नीट समजावलं, तसा सासूबाईंचा चेहरा पडला. "मंजे म्याच मारत होतो का तिले?" म्हणून ढसाढसा रडल्या.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "भाजी द्या, पण थोडी आणि रोज सारखीच. गोळी त्या हिशोबाने बसवू."

घरी आल्यावर मात्र सासूबाई माझ्यासाठी स्वयंपाक करायलाच तयार नाहीत. शेवटी मी चिडलेच. "आई, तुमच्या हातचं खाऊनच मी अंथरुणातून उठले. आता काय बाहेरून डबा लावू?" तेव्हा कुठे ताट आलं. मी जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

गोळी तर आयुष्यभर आहेच माझ्या नशिबात... ही सासूही आयुष्यभर असू दे, बस.