मुद्दाम हरणारा संगणक

मी अनंत व्यंकटेश इनामदार, वाणिज्य पदवीधर, व्यवसायाने कर सल्लागार. आज घरी घडलेल्या प्रसंगावर आपले मत हवे, म्हणून लिहीत आहे.

माझी कन्या मृण्मयी व्हिडिओ गेम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांत पीएचडी करते. नवख्या खेळाडूला नकळत जिंकू देणारा संगणक घडवणे, हे तिचे संशोधन. आज दुपारी तपासणीसाठी तिने मला खेळायला बसवले. मी लागोपाठ जिंकलो आणि जे दिसले ते सांगितले, "हा मुद्दाम हरतो आहे."

"साकु, अप्पा, पुरे," कानडी मिसळत ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

"जरा गप्प बसला असता तर?" सौभाग्यवती म्हणाल्या.

काही वेळाने मृण्मयीने विचारले, "लहानपणी कॅरममध्ये तुम्ही मुद्दाम हरायचात, ते मला कधीच कळलं नाही. कसं जमायचं?"

"मी मुद्दाम कधीच हरलो नाही. तू जिंकत होतीस."

उठून तिने माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढला. दोन डाव झाले. दोन्ही मी हरलो आणि तिने शंका घेतली नाही.

तरीही मनाला रुखरुख लागली आहे. दुपारी मी गप्प बसायला हवे होते का?

अ. व्यं. इनामदार
विद्यानगर, हुबळी
रविवार, सायंकाळ