चौदाशे चौऱ्याहत्तर नंबरचा डबा

केस संपली की फाईल दोरीने बांधून माळ्यावर जाते. तिच्यातले किस्से मात्र खालीच राहतात, आणि सांगणाऱ्यागणिक फुगतात. मी फुगवत नाही. घडलं तेवढं सांगतो.

कारखान्यातल्या प्रेस मशीनने माझी दोन बोटं नेली, तेव्हा दांडेकर वकिलांनी मला त्यांच्या पिंपरीच्या ऑफिसात शिपाई म्हणून ठेवलं. शिक्षण चौथी. पण माझ्या हातून एक कागद कधी हरवला नाही.

सत्तरच्या दशकाची दोन-चार वर्षं उरली असतील. तिथल्याच एका कंपनीत बॉयलरजवळ जेवणाच्या डब्यात बॉम्ब सापडला. फुटला नाही. झाकणावर कामगाराचा टोकन नंबर ठोकलेला, 1474. तो नंबर काळेवाडीच्या काशिनाथचा. फिटर, युनियनचा माणूस. पेपरात 'घातपाती' म्हणून नाव आलं. गुन्हा शाबित झाला तर जन्मठेप. कोणी वकील उभा राहीना. दांडेकरसाहेब उभे राहिले, जोडीला ज्युनिअर सुमनताई.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या भिंतीवर डांबराने लिहिलेलं, 'घातपात्यांचा वकील'. मी रॉकेल आणि फडकं घेऊन निघालो. साहेब म्हणाले, "राहू द्या मारुतराव. बोर्ड रंगवायचा राहूनच गेला होता. लोकांना पत्ता तरी सापडेल!"

* * *

तारखेच्या दिवशी काशिनाथची बायको शांता आम्हा तिघांना जेवण आणायची. काशिनाथच्याच डब्यात. "दुसरं काय देणार मी, साहेब?" म्हणायची.

भाजीत मीठ कमी. नेहमी! साहेब कोटाच्या खिशात मिठाची पुडी ठेवू लागले. एकदा कोर्टात चिठ्ठी काढताना पुडी फुटली, टेबलावर पांढरी रांगोळी. न्यायाधीशांनी चष्मा सरकवला. "हा पुरावा आहे का?"

"नाही, नाइलाज आहे," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर सुमनताई म्हणाल्या, "एकदा सांगून टाकू का तिला?"

"खबरदार! नवरा तुरुंगात असलेल्या बाईला स्वयंपाक शिकवायचा नाही."

* * *

सरकारतर्फे मोठा साक्षीदार म्हणजे गेटवरचा म्हातारा वॉचमन, पांडूबाबा. मावळातला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "त्या दिशी काशिनाथच्या हातात दोन डबे व्हते." नजर पायाकडे.

मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात एकटा बसलेला. शांता उठली. तिने भाकरीवर भाजी घालून त्याच्यापुढे धरली.

"नगं पोरी. माझा उपास हाय."

बुधवारचा कसला उपास! शांताने भाकरी त्याच्या शेजारी ठेवली आणि परत आली. सुट्टी संपेस्तोवर म्हातारा त्या भाकरीकडे बघत बसला. हात लावला नाही. जेवणानंतरही साक्ष तीच.

मला राग आला होता. शांता म्हणाली, "भाऊ, त्यांचीबी नोकरी हाय."

* * *

ऑफिसातले डबे मी घासायचो. एकदा शांताने आणलेल्या डब्याचं झाकण पुसताना बोट अडखळलं. 1474 मधल्या दोन्ही चारांचा खालचा पाय तुटका. कोर्टातल्या बॉम्बच्या डब्यावरचे चार मी पाहिले होते. ते दोन्ही धडधाकट!

कारखान्यातला माणूस हे लगेच ओळखतो. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक जण खात्यातल्या पंचनेच, म्हणजे आकडे उठवायच्या ठशानेच, झाकणावर नंबर ठोकतो. काशिनाथच्या खात्यात चारचा पंच कधीचा तुटका, नवा कोणी मागवला नव्हता.

मी साहेबांपुढे झाकण ठेवलं. साहेब उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते पहिल्यांदाच उभे राहिले.

* * *

काशिनाथच्या खात्याचा फोरमन सरकारतर्फे साक्षीला आला. साहेबांनी गोडीत विचारलं, "बॉम्बच्या डब्यावरचा नंबर तुमच्याच खात्याच्या पंचने उठवलाय?"

"शंभर टक्के!"

साहेबांनी दार उघडायला लावलं. खात्यातले पंधरा कामगार आपापले डबे घेऊन आत. ज्याच्या नंबरात चार, त्याच्या चारला पाय नाही.

एक जण झाकण काढू लागला. न्यायाधीश ओरडले, "झाकणं दाखवा, आतलं नको!"

"साहेब, माझ्यात सुकट हाय."

"ते मला मघाशीच कळलंय!"

फोरमन मात्र हसला नाही.

* * *

काशिनाथ निर्दोष सुटला. तो डबा कोणी ठेवला हे कोर्टापुढे आलं नाही. फोरमनने महिन्याभरात गाव सोडलं. यापुढे मी बोलत नाही.

जप्तीच्या वस्तू सांभाळणारा कारकून काशिनाथला म्हणाला, "जाताना तुमचा डबा न्या."

"माझा नाही म्हणून तर सुटलो ना, राव!"

* * *

काशिनाथ कामावर हजर व्हायचा त्या दिवशी साहेबांनी निकालाची नक्कल देऊन मला सोबत पाठवलं. फर्स्ट शिफ्ट. बॉम्बनंतर नियम झाला होता, प्रत्येक डबा गेटवर उघडून बघायचा. बघणारा पांडूबाबाच.

काशिनाथ त्याच्यापुढे उभा राहिला. पांडूबाबाने खालमानेनेच हात हलवला, जा म्हणून.

काशिनाथ हलला नाही. "बाबा, नियम हाय. बघा." त्याने झाकण काढून डबा पुढे धरला.

म्हाताऱ्याने बराच वेळ आत पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"मीठ कमी हाय," म्हणाला. "घरी सांग."