उशिराचे पाच मार्क

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला भाषणकलेचा पेपर होता. वीस मार्कांचं भाषण वर्गासमोर करायचं, आठ पडले की पास. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं, "ठरलेला दिवस चुकला की पाच मार्क कापणार. कारण सांगायला माझ्याकडे कुणी यायचं नाही." सगळा वर्ग कुरकुरला. मी मात्र मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

कारण बाकीच्या विषयांना काही बुडालं की अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये उभं राहावं लागायचं. "आईवडील काय करतात? ऊसतोडीला जातात? अरेरे!" ते अरेरे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आमचं गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की आई-आप्पा कारखान्याला निघायचे आणि मी काष्टीला मामाकडे राहून शिकायचे. यात अरेरे करण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या भाषणाच्या आदल्या दिवशी आईच्या हाताला कोयता लागला. आप्पा एकटे ऊस तोडणार किती आणि मोळ्या बांधणार किती? मी उसाच्या फडावर गेले. आईच्या हाताची जखम भरली तेव्हा परतले, तर भाषणं संपलेली, परीक्षेआधीच्या सुट्ट्या लागलेल्या. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एकदा का नापास झालीस, की पुढच्या साली चल आमच्यासंगं."

मॅडमकडे गेले. तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "कारण नको. पाच गेले, पंधरा अजून तुझेच आहेत. पण माझ्या एकटीसमोर बोललीस तर त्याला भाषण म्हणत नाहीत. ऐकणारे तू जमव."

वर्ग तर गावोगाव पांगलेला. मी चिडून म्हणाले, "मग काय बाजारात करू?"

"कर की. मी येते."

घ्या! माझंच तोंड मला नडलं.

बाजारच्या दिवशी काष्टीत माणसांना काय तोटा? मामाच्या ओळखीची एक कांदेवाली मावशी होती, तिच्या पालापाशी उभी राहिले. मॅडमनी मोबाईलवर वेळ लावली आणि मान हलवली. शाळेपासून तोंडात बसलेलं होतं तेच मी सुरू केलं, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..."

"आगं, हितं कोन बालमित्र?" मावशी ओरडली. "माज्या गुडघ्याच्या वाट्या झिजल्या की!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. पाण्याचं महत्त्व का काय ते घोकून आणलं होतं, ते कुठल्या कुठं उडालं. रडू येत होतं, पण त्याहून राग लई आला. देवाची कृपा, राग आला की माझी वाचा फुटते. "बरं, मग हे ऐका," म्हटलं आणि येईल ते बोलत सुटले. पहाटेच्या थंडीत उसाची पाती हाताला कशी कापतात ते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना आई खाली का बघत नाही ते. त्या दिवसांत आमच्या गावात दारादाराला कुलपं असतात आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना बोलायला माणूस मिळत नाही ते. आईचा हात, मी बांधलेल्या मोळ्या, हुकलेलं भाषण, सगळं सांगितलं. स्टाफरूममध्ये जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते भर बाजारात सांगितलं, आणि कुणी अरेरे केलं नाही. एक बागायतदार म्हणाला, "आमच्या रानात बी टोळ्या येत्यात, पर हे कदी इचारलं न्हाई." मावशीनं तर गिऱ्हाइकालाच दटावलं, "थांबा वो जरा, पोरगी बोलतीय."

मॅडमनी तिथंच मार्क सांगितले. "चौदा. सुरुवात पाठांतराची होती, आणि मधे फार घाई केलीस. उशिराचे पाच वजा. नऊ."

मावशी उखडली. "वो बाई, आईचा हात कापला म्हनून उशीर झाला पोरीला. आयकलं न्हाई व्हय तुमी? टाका की ते पाच देऊन!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आता देतात की काय, अशी मला खरोखर भीती वाटली. दिले असते तर मी बोलले ते सगळं रडगाणं ठरलं असतं.

"नाही मावशी," मी म्हणाले, "नऊच बरोबर हायेत."

मॅडमनी कागदावर नऊ लिहिले. इतका मान मला तोवर कुणी दिला नव्हता.